दोन यंत्रे, एक वस्तू

दायमाबाद (जिल्हा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर) येथे 1974 साली धातूचे रथ, हत्ती, गेंडा व रेडा सापडले. ते ताम्रपाषाणयुगीन असावेत, असे एक मत. डी. पी. अग्रवाल यांनी मात्र त्यांना उत्तरकालीन मानले. कारण त्यांत आर्सेनिक एक टक्क्याहून अधिक होते. इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत अशी मिश्रधातू आढळली नव्हती. एका टक्क्यावर जर शतकांचा वाद अवलंबून असेल, तर असे आकडे कसे मिळतात हे इतिहासाच्या विद्यार्थ्यानेही जाणून घ्यावयास हवे.

आज अशा वस्तू बहुधा क्ष-किरणांनी तपासतात. क्ष-किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक ऊर्जेचे किरण बाहेर टाकते. त्यांच्या वर्णपटावरून घटकांचे प्रमाण काढतात. प्रयोगशाळेत मोठे यंत्र असते, संग्रहालयात हातात धरावयाचे. मात्र एकाच वस्तूसाठी दोहोंचे आकडे पुष्कळदा जुळत नाहीत.

असे का व्हावे? आर्सेनिकची मुख्य रेषा 10.54 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टवर, तर शिशाची 10.55 वर येते. बहुतेक यंत्रांना त्या वेगळ्या दिसत नाहीत, शिशाच्या 12.6 जवळच्या दुसऱ्या रेषेवरून हिशेब करावा लागतो, आणि प्रत्येक यंत्राचा हिशेब निराळा. शिवाय किरणांना वरचाच पातळ थर दिसतो. तेथे गंज असेल तर आतल्या धातूचे प्रमाण कळत नाही.

यावर उपाय म्हणजे प्रमाण-नमुने, अर्थात घटक आधीच निश्चित ठाऊक असलेले धातूचे तुकडे. जुन्या ताम्र-मिश्रधातूंसाठी 'चार्म' नावाच्या अशा संचाची माहिती 2015 साली प्रसिद्ध झाली. समजा, 0.5, 1.0 व 2.0 टक्के आर्सेनिकच्या नमुन्यांवर हातातील यंत्र 0.8, 1.4 व 2.6 दाखवते. म्हणजे वाचनातून 0.2 वजा करून 1.2 ने भागले की खरे प्रमाण मिळते. मग 1.1 हे वाचन प्रत्यक्षात 0.75 ठरते, आणि 'एक टक्क्याहून अधिक' हा निष्कर्षच कोसळतो! प्रयोगशाळेतील यंत्रही याच नमुन्यांवर तपासले, की दोघांचे आकडे एका मापावर येतात.

मात्र हे सूत्र नमुन्यांच्या मर्यादेतच, आणि वस्तूतील शिशाचे प्रमाण नमुन्यांसारखे असेल तरच चालते. गंजाचा दोष तर त्याने मुळीच जात नाही; त्यासाठी स्वच्छ जागाच शोधावी लागते.

म्हणून एखाद्या अहवालात टक्केवारी दिसली, की यंत्र कोणते, नमुने कोणते आणि मापन कोणत्या जागी केले, हे तीन प्रश्न आपण अवश्य विचारावेत. उत्तरे नसतील, तर त्या आकड्यावर कालनिर्णय उभारू नये.