फणसाचा पाट आणि जवसाचं तेल

आजीचा फणसाच्या लाकडाचा पाट माळ्यावरून खाली काढला, तेव्हा तो काळपट आणि रुक्ष झाला होता. मला आठवत होता तो त्याचा मधासारखा रंग. तो परत आणताना जे कळलं, ते हे.

१. स्वयंपाकघरातलं तेल पाटाला चालत नाही. मी आधी शेंगदाण्याचं तेल चोळलं. दोन दिवस पाट झळाळला, मग चिकट झाला, धूळ धरू लागला, खवट वास यायला लागला. ते तेल सुकतच नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडातच घट्ट होतं. हा गुण आयोडीन मूल्यावरून कळतो, आकडा जितका मोठा तितकं तेल चांगलं सुकतं: खोबरेलाचं 10 च्या आसपास, शेंगदाण्याचं 100 च्या आतबाहेर, जवसाचं साधारण 170 च्या पुढे.

२. लाकडाच्या रेषा खुलतात त्या घासण्यात. पॉलिश पेपर 120 नंबरचा, मग 180, मग 220, आणि हात कायम रेषांच्या दिशेनं. एका कोपऱ्यात मी आडवा घासला होता. तेल लागताच तिथले ओरखडे काळे उमटले. सगळा पाट पुन्हा घासला.

३. तेलाआधी पाणी. शेजारच्या सुतारकाकांनी ओलं फडकं फिरवायला सांगितलं. ओल्या लाकडाचा जो रंग दिसतो, साधारण तोच तेलानंतर येतो. फडकं फिरवलं आणि माझ्या काळजात धस्स झालं. घासलेला फणस हळदीसारखा पिवळा निघाला! काका म्हणाले, "उजेडात राहू दे, पिकेल हळूहळू." फळाचा शब्द त्यांनी लाकडाला लावला, आणि तो अगदी बरोबर होता. हवा-उजेडानं फणसाचं लाकूड गडद होत जातं.

४. हात आखडता घ्यायला मला फार उशिरा जमलं. पहिला थर जाड दिला, तर दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या. आता पातळ हात देतो, वीस मिनिटांनी कोरड्या फडक्यानं सगळं पुसून काढतो, पुढचा हात चार-पाच दिवसांनी. पावसाळ्यात त्याहून उशिरा. आणि ती फडकी बोळा करून टाकू नका. तेल सुकताना ऊब धरतं, बोळा आपोआप पेटू शकतो. हे कळलं तेव्हा माझा बोळा कोपऱ्यात पडलेला होता. आता फडकी कठड्यावर एकेक पसरून वाळवतो.

५. प्रत्येक लाकडाची गरज वेगळी. सागाच्या अंगात स्वतःचंच तेल असतं, त्याला थोडंसं पुरतं. फिक्या लाकडावर जवसाचं तेल कालांतरानं पिवळं पडतं. तिथे टंग नावाचं दुसरं सुकणारं तेल बरं. कोकणात वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावतात, ते लाकूड टिकवतं, पण काळं करतं आणि कातडी भाजतं. फणसाला जवसाचा पिवळेपणा शोभतो, असं माझं मत.

६. पाटाच्या पोटाशी मी तीन चौकोन आखले होते: जवस, टंग आणि कोरडं लाकूड. वर्षभरानं पाट उलटा करून पाहिला. तिथे उजेड पोचला नव्हता, तिन्ही चौकोन अजून पिवळेच. वरची बाजू मात्र आजी जेवायला बसायची तेव्हासारखी झाली आहे.