घरातील छळ व ग्रामशिक्षक

इंदापूर तालुक्यातील सणसर हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात असून भवानीनगरचा श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना त्याच्या शेजारीच आहे. या पट्ट्यात ऊस आला, पैसा आला, पिठाची गिरणी आली आणि घरोघरचे जाते बंद पडले. बाईचे कष्ट त्यामुळे वाचले हे खरेच. परंतु सासुरवाशिणीला मनातले बोलावयाची जी एक जागा होती, तीही गेली. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनी पुणे जिल्ह्यात व अन्यत्र जमविलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांत माहेरच्या ओढीबरोबर सासरचा जाचही आहे. आज तीच बाई सुजलेल्या डोळ्याविषयी विचारले असता “चौकट लागली” एवढेच सांगते.

मारहाण झाली तरच छळ, अशी समजूत शिकलेल्यांतही आढळते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व मानसिक, तसेच आर्थिक छळही हिंसाचारात धरला आहे. हा शेवटचा प्रकार उसाच्या फडात पाहावा. नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. उचल मात्र बहुधा पुरुषाच्या हाती पडते. पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या बाईला तेलामिठासाठी हात पसरावा लागतो. बागायतदाराच्या घरीही असे घडत नाही असे नाही; तेथे भिंती जाड असतात एवढेच.

शिक्षकाला हे कळते ते मुलावरून. मूल वर्गात झोपते, दार आपटताच दचकते, शाळा सुटली तरी रेंगाळते. यास अन्य कारणेही असू शकतात. म्हणून तर्क न करता काही दिवस लक्ष ठेवावे. त्या मुलाला वर्गासमोर विचारू नये, व ‘माझे घर’ हा निबंध मोठ्याने वाचावयास लावू नये. घरी जाऊन पुरुषाला जाब विचारण्याचा मोह तर आवरावाच. त्या जाबाचे उत्तर रात्री बाईला मिळते. चार माणसे बसवून केलेल्या समेटात तिला बहुधा कोणी काही विचारीतच नाही.

आईला एकटीला गाठून बोलावे, शक्य तर शिक्षिकेने. तिला सांगावे की घर कोणाच्याही नावावर असो, तेथे राहण्याचा हक्क कायद्याने तिला दिला आहे; दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज गेल्यास पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांत असावी, असेही कायदा म्हणतो. छळ होत असल्याचे सकारण वाटणाऱ्या कोणासही संरक्षण अधिकाऱ्यास कळविता येते व सद्‌भावनेने कळविणाऱ्यावर कारवाई होत नाही. शिक्षकाचे भय येथे निराधार आहे. तरीही कळविण्यापूर्वी तिची इच्छा व तिच्या जिवाचा धोका दोन्ही विचारात घ्यावीत.

महिलांसाठी १८१ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो चिठ्ठीवर लिहून देऊ नये. चिठ्ठी घरात सापडते. तोंडपाठ करवून घ्यावा.