बाबांचं वजन रोज लिहून ठेव

अगं, बाबांच्या पायावर बोट दाबलं की खळगा पडतो, म्हणून घाबरलीस ना? महाधमनीचं एवढं मोठं ऑपरेशन झालंय. शरीर हार्ट-लंग मशीनवर होतं, शिरेतून भरपूर सलाइन गेलं आणि बारीक रक्तवाहिन्या काही दिवस पाझरत राहतात. ते पाणी अंगात मुरतं, वजन काही किलोंनी वाढतं. लघवीची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड, तेच बाहेर काढते.

खरं सांगू का, तुझं मुख्य काम वजनाचं. सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत, रोज त्याच काट्यावर. आकडा कॅलेंडरच्या चौकोनात लिही. सूज डोळ्यांना दिसायच्या आधी काट्यावर कळते बघ. एका दिवसात १ किलो किंवा आठवड्यात २ किलो वाढलं, तर पुढच्या ओपीडीची वाट बघू नकोस, हॉस्पिटलला फोन कर. वजन भराभर उतरलं, उठताना चक्कर आली, लघवी कमी झाली, तरीही फोन. पाणी जास्त उपसलं गेलं की मूत्रपिंडांवर ताण येतो. पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, वाढवायची तर नाहीच.

गोळी सकाळीच दे. तासाभरात लघवी सुरू होते आणि सहाएक तास चालते. रात्री दिलीस तर बाबा अंधारात हातांवर भार देऊन उठतील आणि ऑपरेशनसाठी कापलेलं छातीचं हाड अजून जुळायचंय गं!

आता शहाळ्याचं. येणारा प्रत्येक पाहुणा एक शहाळं घेऊन येणार, आणि त्यात पोटॅशियम भरपूर असतं. फ्युरोसेमाइडने पोटॅशियम कमी होतं हे खरं, पण सोबत स्पायरोनोलॅक्टोन असेल तर ते उलट वाढू शकतं, आणि दोन्हीकडून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून आधी रक्ततपासणी, मग शहाळं. क्रिएटिनिन आणि सोडियमही त्यातच बघतात. मिठाने पाणी साठतं, म्हणून लोणचं-पापड बंद, बाबा रुसले तरी. दुखतंय म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणू नकोस, त्याने पाणी साठतं आणि मूत्रपिंडालाही त्रास होतो.

एवढं सगळं तुला जमेल, तू हॉस्पिटलचे ते दिवस निभावलेस. फक्त आडवं पडल्यावर धाप लागली, किंवा छातीत-पाठीत अचानक जोराची कळ आली, तर मला विचारत बसू नकोस. रात्रीचे दोन वाजलेले असोत, १०८ लाव.