घड्याळाच्या तबकडीवरची चित्रे

एनॅमलचा पांढरा मग आपण पाहिला असेल. मग पत्र्याचा असतो. त्याच्यावरचा पांढरा थर मात्र साध्या रंगाचा नसतो, काचेचा असतो. म्हणून मग खाली आपटला की टवका उडतो आणि आतला पत्रा उघडा पडतो.

अशाच काचेने काही कारागीर घड्याळाच्या तबकडीवर चित्रे काढतात. तबकडी ती केवढी? जुन्या चांदीच्या रुपयाएवढी! तेवढ्या जागेत ते फुले, पाखरे, माणसांचे चेहरेसुद्धा रंगवतात.

ही कला सुमारे १६३० साली फ्रान्स देशात पुढे आली. झाँ तुतें नावाच्या सोनाराला तिचा मान देतात. पुढे स्वित्झर्लंड देशातल्या जिनेव्हा शहरात ती भरभराटीला आली.

आता काम कसे चालते ते पाहू. तबकडी तांब्याची किंवा सोन्याची असते. रंगीत काच खलात कुटून तिची बारीक पूड करतात. कोबाल्ट धातूने काच निळी होते. तांब्याने हिरवी होते. कथलाने पांढरी होते. गुलाबी रंगासाठी तर सोन्याचा अंश घालतात!

आधी तबकडीला काचेचा थर देतात. तो मागच्या बाजूलाही देतात. का बरे? एकाच बाजूला थर दिला, तर निवताना तबकडी वाकते आणि काच तडकते. मग पूड तेलात कालवतात. भिंगातून पाहत, अगदी बारीक कुंचल्याने चित्र काढतात. तेल वाळले की तबकडी भट्टीत घालतात. भट्टीची आच सुमारे ८०० अंश असते. पाणी उकळते १०० अंशांवर, यावरून कल्पना करावी. मिनिटभरात काच वितळते आणि धातूला धरते.

पुन्हा रंग, पुन्हा भट्टी. असे दहा-पंधरा वेळासुद्धा करावे लागते. दर खेपेला जीव टांगणीला! धुळीचा एक कण पडला, आच जरा जास्त झाली, की कित्येक दिवसांची मेहनत वाया जाते. पण काम साधले, तर रंग शेकडो वर्षे उडत नाही.

आणखी एक अडचण असते. भट्टीत जाताना रंग एक दिसतो, बाहेर येताना दुसराच. मग कारागीर काय करतो? तो प्रत्येक रंग आधी नमुन्याच्या पट्टीवर भाजून बघतो. कोणता रंग, किती आच, किती वेळ, हे सारे वहीत टिपून ठेवतो.

१९६९ साली जपानमध्ये सेलवर चालणारे क्वार्ट्‌झचे मनगटी घड्याळ विक्रीला आले. पुढे अशी घड्याळे स्वस्त झाली. स्वित्झर्लंडमधल्या हजारो कामगारांचे काम गेले. तबकड्या रंगवणारे तर मोजकेच उरले. जुने कारागीर आपले रंग गुप्त ठेवत. त्यातले पुष्कळसे ज्ञान त्यांच्याबरोबरच गेले. जे वहीत उतरले होते, ते पुढच्यांच्या कामी आले. आज ही कला पुन्हा मूळ धरते आहे.

आम्ही पुष्कळ वर्षे मुलांना शिकवले. आमच्या गावातही हाताला गुण असलेली माणसे होती. कुणाला औषधी पाला ठाऊक, कुणाला सूत रंगवण्याची रीत. ती माणसे गेली, त्यांची विद्याही गेली. कुणी लिहून घेतली नाही. आम्हीही घेतली नाही, याची आज खंत वाटते.

आता आपल्याला लिहिता येते. आपल्या हातची विद्या वहीत उतरवू या.

प्रश्न
१. तबकडीच्या मागच्या बाजूलाही काचेचा थर का देतात?
२. कारागीर वहीत काय टिपून ठेवतो?
३. आपल्याला येत असलेल्या एका कामाची रीत पाच ओळींत लिहा.