कॅम्पर व्हॅनचं अलाइनमेंट: मशीनवर चढवण्याआधी काय तपासायचं, खर्च किती येतो

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की खंबाटकी येण्याआधीच माझे खांदे भरून यायचे. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली आमची कॅम्पर व्हॅन सरळ रस्त्यावरही सरळ राहत नव्हती. स्टिअरिंग सतत सावरावं लागे, आणि शेजारून मोठा ट्रक गेला की गाडी आधी बाहेर ढकलली जाई, मग आत ओढली जाई.

दोन महिन्यांत तीनदा अलाइनमेंट केलं. तिन्ही वेळा प्रिंटवर आकडे हिरवे आले, गाडी मात्र होती तशीच. शेवटी ट्रकची कामं करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पुढचा एक्सल जॅकवर उचलला, चाकाला वर-खाली हात लावून आत-बाहेर हलवलं. टक-टक आवाज आला. मला म्हणाले, “दादा, ब्रेक दाबून धरा.” ब्रेक दाबला तरी टक-टक चालूच. “बेअरिंग असतं तर आवाज बंद झाला असता. हे किंगपिन आहे, चाक जिच्यावर वळतं ती पिन. पिनच ढिली असेल तर मशीनवर लावलेला कोन रस्त्यावर टिकणार कसा?”

तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो की अलाइनमेंट हे शेवटचं काम आहे. त्याआधीच्या तपासण्या स्वस्त आहेत आणि बऱ्याचदा दोष तिथेच सापडतो.

आधी लक्षण ओळखा

- ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग करा. अलाइनमेंटने ही थरथर जात नाही.
- गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढच्या टायरांची अदलाबदल करून पाहा. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा. फक्त ब्रेक मारल्यावर ओढत असेल तर ब्रेक तपासा. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून डावीकडे उतरते असतात, त्यामुळे डावीकडची किंचित ओढ हा दोष नव्हे.
- वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नसेल तर किंगपिन कोरडी आहे किंवा कॅस्टर कमी आहे (कॅस्टर आणि टो म्हणजे काय, ते पुढे सांगितलं आहे).
- टायरवर आडवा तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो बिघडलेला आहे. बाहेरून आत गुळगुळीत, आतून बाहेर खरखरीत लागत असेल तर टो-इन जास्त आहे.

वजनकाटा आणि हवा

बेड, ओटा, पाण्याची टाकी, बॅटऱ्या, एसी असं सगळं चढवल्यावर गाडी मूळची राहत नाही. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. हेच वजन मागच्या एक्सलच्याही मागे ठेवलं तर तरफेसारखं पुढचं टोक उचललं जातं, पुढच्या टायरांवरचा भार कमी होतो आणि गाडी वाऱ्यावर भरकटते.

प्रवासाला निघताना भरता तशी गाडी भरा आणि काट्यावर न्या. एकदा पूर्ण वजन घ्या, एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून. एकूण वजन आरसी बुकातल्या मर्यादेत हवं. पुढचा भार कमी भरला तर जड सामान दोन एक्सलच्या मध्ये सरकवा. आमच्या दोन बॅटऱ्या मागच्या डिकीतून मधल्या बाकाखाली आणल्यावरच स्टिअरिंगला वजन आल्याचं जाणवलं. टायरची हवा थंड असताना, कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे आणि काट्यावरचं वजन लक्षात घेऊन भरा.

ढिलं काय आहे?

किंगपिन, टाय रॉड एंड, व्हील बेअरिंग, स्टिअरिंग बॉक्स, पाट्यांचे बुश आणि यू-बोल्ट हे सगळं समोर उभं राहून तपासून घ्या. ग्रीस निपल असतील तिथे ग्रीस गन मारून घ्या. मग टेप घेऊन दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. चाकं सरळ ठेवूनही फरक ठळक असेल तर पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकलेला असू शकतो. अशी गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

मशीनवर खरंच काय बदलता येतं?

गाडीखाली वाकून पाहा. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत अखंड लोखंडी एक्सल आणि पाटे दिसले तर टाय रॉड फिरवून फक्त टो बदलतो. अर्बानियासारख्या स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीचं गणित वेगळं असतं.

टो म्हणजे दोन्ही चाकांच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधल्या अंतरातला फरक. तो किरकोळ वाटतो, पण साधारण ७०० मिमी व्यासाच्या टायरला टो ५ मिमीने चुकला तर दोन्ही चाकं मिळून दर किलोमीटरला सुमारे ७ मीटर आडवी घासतात. पुणे ते गोवा जाऊन येईपर्यंत ही घासण काही किलोमीटर भरते.

कॅस्टर म्हणजे चाक वळतं त्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, सायकलच्या चिमट्यासारखा. याच कोनामुळे चाक स्वतःहून सरळ होऊ पाहतं. अखंड एक्सलवर तो बदलायचा तर पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये पाचर घालावी लागते. प्रिंटवर कॅस्टर कंपनीच्या मर्यादेपेक्षा कमी आला तरच हे काम करा.

कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल. खड्ड्यात आदळून तो बिघडला असेल तर एक्सल वाकल्याची शंका घ्या. गॅसने तापवून एक्सल सरळ करायला कोणी सुचवलं तर नकार द्या. तापवल्याने लोखंडाची ताकद जाते.

खर्चाचा अंदाज

पुणे परिसरात विचारपूस करून धरलेले हे ढोबळ आकडे आहेत. गाव, मॉडेल आणि सुटे भाग यांप्रमाणे ते बदलतील.

- वजनकाटा: १०० ते २०० रुपये
- ग्रीसिंग: २०० ते ४०० रुपये
- बॅलन्सिंग: दर चाकाला १०० ते २०० रुपये, वजनांचे पैसे वेगळे
- अलाइनमेंट: ८०० ते १,५०० रुपये
- टाय रॉड एंड: मजुरीसह प्रत्येकी १,००० ते २,००० रुपये
- कॅस्टरची पाचर, दोन्ही बाजू: २,००० ते ४,००० रुपये
- किंगपिन किट, दोन्ही बाजू, मजुरीसह: ४,००० ते ८,००० रुपये

सुटा भाग बदलला की अलाइनमेंट पुन्हा करावं लागतं, म्हणून त्याचे पैसे एकदाच, अगदी शेवटी खर्च करा.

सेंटरवर हे सांगा

१. गाडीची लांबी आणि वजन पेलणारा रॅम्प आहे का, ते फोनवरच विचारा.
२. गाडी प्रवासाइतकी भरून न्या. रिकाम्या गाडीवर लावलेले कोन भरल्यावर बदलतात.
३. स्टिअरिंग मध्यावर लॉक करूनच टो लावायला सांगा.
४. आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही प्रिंट मागा. कॅम्बर-कॅस्टर बदलल्याचे पैसे बिलात असतील तर काय बदललं ते दाखवायला सांगा.
५. पैसे देण्याआधी सपाट रस्त्यावर फेरी मारा.

आमच्या गाडीच्या दोन्ही किंगपिन बदलल्या, मग टो लावला. पुढच्या महिन्यात त्याच रस्त्याने साताऱ्याला गेलो. ट्रक शेजारून गेला तेव्हा गाडी किंचित हलली आणि स्वतःच सरळ झाली. मागे बिछान्यावर झोपलेल्या आईला सातारा आल्यावर उठवावं लागलं.