स्फटिकातील दोष : उणीव की सामर्थ्य?

'दोष' म्हटला की उणीव, असा आपला सर्वसाधारण समज असतो. स्फटिकांच्या जगात मात्र मोजूनमापून निर्माण केलेला दोष पदार्थाचे बळ ठरू शकतो. झिर्कोनिया, म्हणजेच झिर्कोनियम ऑक्साइड, हे याचे बोलके उदाहरण होय.

भट्टीत भाजलेला शुद्ध झिर्कोनिया निवताना, तापमान सुमारे ११७० अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यावर, त्याची अणुरचना बदलते. घनफळ ४ ते ५ टक्क्यांनी वाढते आणि वस्तू तडकते. म्हणून त्यात कॅल्शियम किंवा यिट्रियमचे ऑक्साइड अल्प प्रमाणात मिसळतात. झिर्कोनियमच्या जागी कॅल्शियमचा एक अणू बसला की विद्युतभाराचा समतोल राखण्यासाठी ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. यिट्रियमच्या दोन अणूंमागे अशी एक जागा सुटते. वर्गातील रिकाम्या बाकासारखा हा दोष उष्ण अवस्थेतील रचना थंड झाल्यावरही टिकवून धरतो.

ही रचना पाहावी कशी? बर्लिनमध्ये १९३१ साली माक्स क्नोल व एर्न्स्ट रुस्का यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पाया घातला. या कार्यासाठी रुस्का यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक लाभले. वेगवान इलेक्ट्रॉनांची तरंगलांबी दृश्य प्रकाशाच्या तुलनेत एक लाखाहून अधिक पटींनी लहान असते. अतिशय पातळ केलेल्या नमुन्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत गेला की रचना जेथे बिघडली असेल, तेथे प्रतिमेत काळ्या-पांढऱ्या छटांचा फरक उमटतो.

ऑस्ट्रेलियातील गार्वी, हॅनिंक व पास्को यांनी १९७५ साली कॅल्शियमयुक्त झिर्कोनियाची तुलना पोलादाशी केली. त्यातील सूक्ष्म कण तड्याच्या टोकाशी ताण येताच रचना बदलतात, फुगतात आणि तड्यालाच दाबून धरतात. जी वाढ वस्तू फोडीत होती, तीच आता तिला वाचविते!

मात्र प्रमाण व प्रक्रिया काटेकोर हवी. यिट्रियमयुक्त झिर्कोनियाचे खुब्याच्या कृत्रिम सांध्यातील काही गोळे, भाजण्याची पद्धत बदलल्यानंतर, रुग्णांच्या शरीरात फुटले. २००१ साली ते परत मागवावे लागले. शरीरातील ओलाव्याने नको तेथे रचनाबदल घडविला होता.

आज दातांच्या टोप्यांतही हाच पदार्थ वापरला जातो. दोष कोठे, किती आणि कशासाठी, याचे नेमके ज्ञान असेल तरच तो गुण ठरतो, हाच या अभ्यासाचा बोध होय.