शब्दाची ओळख : संप

आजचा शब्द दोनच अक्षरांचा आहे : संप. पाटीवर लिहा. 'स'वर अनुस्वार, पुढे 'प'.

हा शब्द आपण नेहमी ऐकतो. एस.टी.चा संप झाला, बाजार हुकला. चूल पेटेना की घरची बाई म्हणते, "आज चुलीनं संप केलाय वाटतं!" काम अडले म्हणजे संप, असे आपण धरून चालतो. पण हा अर्धाच अर्थ झाला.

जुन्या मराठीत संप म्हणजे एकोपा, एकमत. गुजराती लोक आजही एकोप्याला संपच म्हणतात. पुष्कळांनी एकमताने काम थांबवले, म्हणून त्या थांबण्यालाही संप हे नाव पडले. दुकानदार दुकाने बंद ठेवतात, तो हरताळ. काम करणारे मिळून काम थांबवतात, तो संप. एकटा घरी बसला, तर तो संप नव्हे.

या शब्दाचा खरा अर्थ आपल्या अलिबाग तालुक्याने दाखवला आहे. आजचा रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. जमीन खोताची, राबणारे कूळ. पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जाई. एखादे कूळ कुरकुरले, तर खोत जमीन काढून दुसऱ्याला देई. म्हणून एकटा माणूस बोलत नसे.

१९३३ साली चरी गावी कुळे जमली. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. खोताची जमीन कसायची नाही, असे ठरले. आसपासची गावेही त्यात आली. आता खोताने जमीन काढली तरी ती कसणार कोण? शेते ओसाड पडली. खोताचे नुकसान झाले, तशी कुळांचीही उपासमार झाली. लोकांनी लाकडे तोडून, मोलमजुरी करून दिवस काढले. पण एकोपा मोडला नाही. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. चरीचा संप १९३९ पर्यंत चालला. त्याच वर्षी कुळांसाठी कायदा झाला. पुढे १९४९ च्या कायद्याने खोतीच गेली.

म्हणून ध्यानात ठेवा : हात थांबतात ते दिसते, मने जुळतात ते दिसत नाही. दोन्ही असतील तरच तो संप.

अभ्यास
१. संप आणि हरताळ यांत फरक काय?
२. एकट्या कुळाला जे जमत नव्हते, ते सर्वांना मिळून का जमले?
३. चरीच्या संपाची ऐकलेली गोष्ट घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा. पाच ओळी लिहून आणा.